संपर्कासाठी: सुधीर टिपणीस

गेल्या महिन्यात गुडघा दाखवायला गेलो, तर काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला. फॉर्म दिसला की माझ्या अंगात येतं. छत्तीस वर्षं विमा कंपनीत मी दुसरं काही केलंच नाही. नाव, पत्ता, वय (दोन वर्षं कमी करून) असा सरसर उतरत आलो आणि 'आपत्कालीन संपर्क' या रकान्यापाशी पेन अडलं.

"अंकल, वाईफ का डाल दो ना," मुलगी म्हणाली.

डाल दिया. पण हा रकाना मी आयुष्यात एकदा चुकीचा भरलाय, आणि त्या चुकीमुळे नेमकं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. जेवढं कळलंय तेवढं सांगतो.

सुधीर टिपणीस आमचा शेजारी. मीरा रोडच्या हाटकेशला, तिसऱ्या मजल्यावर. त्यांच्या आणि आमच्या बैठकीच्या खोलीत एकच भिंत, आणि तीही बिल्डरने बहुतेक पुठ्ठ्याची घातलेली. समोरच्या गाळ्यांत दिवसभर स्टीलचे डबे ठोकतात म्हणून एरवी काही ऐकू येत नाही. पण शुक्रवारी गाळे बंद. शुक्रवारी पलीकडे माईंनी लसूण सोलला तरी इकडे कळतं. माई म्हणजे सुधीरची आई. ऐंशी ओलांडलेल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनचं नाव काढलं की उठून आत जाणाऱ्या.

आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्याच शुक्रवारी मला पलीकडून दोन पुरुषांचे आवाज ऐकू आले. एक मराठी, जरा नाकातला, घाईत असलेला. दुसरा गोरा. आवाज गोरा असतो का, असं विचाराल. असतो. खर्जातला, सैल, प्रत्येक वाक्याआधी किंचित हसून घेणारा. मी भिंतीला वाटी लावली.

"आमटीची आहे ती," आमची ही म्हणाली.

कान आंबट झाला, पण खात्री पटली. टिपणिसांनी घरात फॉरेनर ठेवला होता, आणि सोसायटीला पत्ता नव्हता. मी लगेच सेक्रेटरी शाहभाईंना गाठलं. पोलीस व्हेरिफिकेशन, सुरक्षा, उद्या काही झालं तर जबाबदार कोण, असं सगळं बोललो. नवीन माणसाने किती उत्साह दाखवावा याला काही मर्यादा असते, ती मला कधीच सापडली नाही.

दार सुधीरनेच उघडलं. पन्नाशी उलटलेला, किडकिडीत, बनियनवर, हातात वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याची घडी.

"टिपणीसभाई," शाहभाई म्हणाले, "आपके यहाँ कोई अंग्रेज रहता है क्या? ये नये वाले बोल रहे हैं."

सुधीरने डाव्या कानाची पाळी चोळली. उत्तर द्यायच्या आधी तो ती नेहमी चोळायचा. "अंग्रेज नहीं, अमेरिकन. मार्टिन नाम है. बीस साल से है. भाडा एक पैसा नहीं देता."

"आणि चहा बिनसाखरेचा पितो मेला!" आतून माई.

मग सुधीरने पाळी सोडली, खांदे सैल केले, किंचित हसला आणि त्याच तोंडातून तो दुसरा आवाज आला, "हाऊ आर यू टुडे, सर?"

शाहभाई एक पाऊल मागे सरले. मी दोन.

खुलासा साधा होता. सुधीर कॉल सेंटरमध्ये होता. अमेरिकेतल्या लोकांची हॉटेल बुकिंग, त्यांच्या तक्रारी. तिथे रुजू झालेल्या प्रत्येकाला फोनवरचं एक नाव मिळतं. कुणी केविन, कुणी नॅन्सी. सुधीरला मार्टिन मिळालं. बाकीचे घरी येताना आपलं फोननाव ऑफिसात ठेवून यायचे. सुधीरचं काम इतकं चांगलं होतं की त्याला नव्या पोरांना उच्चार शिकवायला बसवलं, आणि त्याचा सराव तो घरी करायचा. आधी आरशासमोर. पुढे आरसाही लागेना.

गंमत म्हणजे कॉल सेंटरच्या त्या अख्ख्या मजल्यावर खरा अमेरिकन एकटा सुधीरच. वडील शिकायला ओहायोला गेले होते, तिथे हा जन्मला आणि नऊ महिन्यांचा होऊन परत आला. पासपोर्ट निळा, अमेरिकेचा. मीरा रोडला राहायला त्याच्याकडे वेगळं कार्ड. माईंच्या कपाटात हॉस्पिटलचा एक कागद होता, त्यावर काळ्या शाईत दोन इवल्या पावलांचे ठसे. तो कागद सुधीरने मला एकदा दाखवला.

"शेजारी, हे बघा. मी चाललो तिथे नाही कधी. पण पाय तिथलेच."

मला तो 'शेजारी' म्हणूनच हाक मारायचा. मी त्याला अहोजाहो करायचो, कारण वाटी प्रकरणानंतर मला ते बरं वाटायचं.

त्याच्या दोन सवयी सांगतो, कारण पुढे लागणार आहेत. एक, तो दाराबाहेर चपला काढायचा त्या तोंड भिंतीकडे करून. अगदी भिंतीला चिकटवून. "उलट्या ठेवल्या तर चालायला लागतात," म्हणायचा. मी हसायचो. तो हसायचा नाही. दुसरी सवय शब्दकोड्याची. दुपारी चारला माईंना समोर बसवून तो शोधसूत्रं वाचायचा. "आई, उभा शब्द. चार अक्षरी." माईंना मथळेसुद्धा दिसत नाहीत, पण डोक्यात सगळं जागच्या जागी. शुक्रवारी ते इकडे ऐकू यायचं आणि मला राहवायचं नाही. मी भिंतीतून उत्तर फेकायचो. निम्मी चुकायची. बरोबर आलं की पलीकडून पेन्सिलीने भिंतीवर दोन टिचक्या, आणि "शाब्बास, शेजारी."

मग कॉल सेंटरने एक यंत्र आणलं. पोरगं आपल्या भाईंदरच्या इंग्रजीत बोलणार, तिकडे ऐकू येणार ओहायोचं. उच्चार शिकवणाऱ्याची गरज संपली. सुधीर छप्पन्नाव्या वर्षी घरी बसला.

"अमेरिकेला जा की," मी म्हणालो. "हक्काचा देश आहे."

त्याने बराच वेळ पाळी चोळली. "तिथे दोन मिनिटांत ओळखतील की हा हाटकेशचा. युरोपात कोण ओळखतंय? तिथे पासपोर्ट पुरेल. एकदा तरी, शेजारी, कुणीतरी मला अमेरिकन म्हणावं. कागदावर छप्पन्न वर्षं आहे, तोंडाने कुणी म्हटलेलं नाही."

एवढंच त्याचं मागणं. पैशाचं तो कधी बोलला नाही.

तो शोधाला लागला. अमेरिकन माणसाला युरोपात नोकरी म्हणजे वाटते तेवढी सोपी गोष्ट नाही. तीन महिने फिरायला कुणी अडवत नाही, पण कामाला ठेवायचं तर मालकाला कारण दाखवावं लागतं की आमच्यातला माणूस का चालत नाही. एकच दार जरा उघडं असतं. इंग्रजी शिकवणाऱ्या शाळा. 'जन्मजात अमेरिकन हवा' असं त्या छापतात. सुधीर जन्मजात होता, जन्माचा दाखला पावलांसकट होता. स्पेन, पोलंड, हंगेरी, सगळीकडे अर्ज गेले. बोलावणी यायची, संगणकावर मुलाखत लागायची, कॅमेरा सुरू व्हायचा, आणि समोरची बाई गोड हसून विचारायची की ते ठीक आहे, पण तुम्ही मूळचे कुठले?

अकरा मुलाखती झाल्या. अकरावी शुक्रवारी होती. भिंतीपलीकडे सुधीर नाकातल्या घाईच्या आवाजात सांगत होता, "मॅडम, आय ॲम अमेरिकन ओन्ली." मी कपाळाला हात लावला. मार्टिनने असलं वाक्य जन्मात उच्चारलं नसतं.

तो बाहेर गॅलरीत आला तेव्हा चेहरा पांढरा होता. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी विनोद करतो. ती माझी जुनी खोड. स्मशानातही केलेत.

"तुम्ही कशाला जाता मुलाखतीला?" मी म्हणालो. "मार्टिनला पाठवा."

सुधीर हसला नाही. पाळीही चोळली नाही. "तुम्ही म्हणता तर विचारतो त्याला," म्हणाला आणि आत गेला.

बाराव्या मुलाखतीला त्याने मला सोबत म्हणून बसवलं होतं. चेक देशातल्या ब्रनो शहरातली शाळा, आणि मुलाखत फोनवर, नुसती आवाजाची. मी सोफ्यावर. माई स्वयंपाकघराच्या दारात. सुधीरने घंटा वाजेपर्यंत पाळी चोळली, मग खांदे सोडले. पुढची चाळीस मिनिटं तो खुर्चीत वेगळाच बसला होता, पाय लांब टाकून, सुधीरने आईसमोर कधी टाकले नसते तसे. ओहायोतल्या हिवाळ्याबद्दल बोलला. अंगणातला बर्फ फावड्याने ओढताना फावड्याचा दांडा कसा तडकला होता ते सांगितलं. मी विचार करत होतो, नऊ महिन्यांच्या पोराने फावडं कधी उचललं? पण तो थापा मारतोय असं वाटत नव्हतं. आठवून सांगतोय असं वाटत होतं. मध्येच त्याने माझ्याकडे पाहिलं, आपण अनोळखी माणसाकडे पाहतो तसं, सभ्यपणे.

फोन ठेवल्यावर माईंनी चहा आणला. दोन कप. एक तीन चमचे साखरेचा, एक बिनसाखरेचा. त्याने बिनसाखरेचा उचलला.

"सुधीरचा गार होईल," माई म्हणाल्या.

तो हसला आणि इंग्रजीत म्हणाला की नोकरी मिळाली.

आता माझा पराक्रम. शाळेचा फॉर्म आला, आठ पानी. साहजिकच तो माझ्याकडे आला. पासपोर्टवरचं नाव सुधीर टिपणीस, वर्गात हाक मारायचं नाव मार्टिन, सगळं नियमात. मी इतका रंगात आलो की पाचव्या पानापर्यंत मी मार्टिनचाच फॉर्म भरत होतो. मग आला आपत्कालीन संपर्क. मार्टिनला काही झालं तर मीरा रोडला कुणाला कळवायचं? हाताने आपोआप लिहिलं: सुधीर टिपणीस, हाटकेश, तिसरा मजला. पुढे त्यांचा घरचा मोठ्या बटणांचा फोन.

छत्तीस वर्षांच्या कारकिर्दीत मी माणसाच्या आपत्कालीन संपर्कात त्याच माणसाचं नाव घातलं नव्हतं. फॉर्म गेल्यावर लक्षात आलं. मी घाबरत घाबरत कबुली दिली.

"बरोबर आहे की," तो म्हणाला. आवाज कुणाचा होता, सांगता येणार नाही. मधलाच कुठलातरी. "घरी कुणीतरी पाहिजेच ना."

निघायच्या दिवशी दुपारी खाली टॅक्सी उभी होती. शाहभाईंनी हार आणला होता, आमच्या हिने चिवडा बांधून दिला होता. तो कोट घालून दारात उभा, पायात नवे बूट. चपला भिंतीला तोंड करून जागच्या जागी.

"त्या घेतल्या नाहीत?" मी विचारलं.

"मार्टिन बूट घालतो."

तो माईंच्या पाया पडायला वाकला. इतक्या वर्षांत माई मार्टिनशी थेट कधी बोललेल्या नव्हत्या. त्याच्याबद्दल बोलायच्या, भाडेकरूबद्दल बोलतात तसं. त्या दिवशी त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कपाळ, नाक, डाव्या कानाची पाळी. पाळी जरा जास्त वेळ धरून ठेवली. मग म्हणाल्या, "तू जा बाबा. सुखाने जा. पण सुधीरला नेऊ नकोस. मला कोण आहे?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

तो हसला नाही. मान हलवून "येस, मॅम," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

त्यानंतर मी शुक्रवारी दुपारी घरी थांबेनासा झालो. ज्येष्ठांच्या कट्ट्यावर कॅरम खेळायला जायचो. त्या भिंतीकडे बघवत नव्हतं. ऐंशीच्या बाईचा मुलगा मी एका विनोदापायी परदेशी धाडला होता. माईंकडे स्वयंपाकाला एक बाई येऊन जायची. आमची ही संध्याकाळी चक्कर मारायची. मी विचारलं की म्हणायची, "बऱ्या आहेत. मजेत आहेत." मजेत कशा असतील, हे मी विचारलं नाही.

थंडीत एका शुक्रवारी मी कॅरमला निघतच होतो, तेवढ्यात त्याचा व्हिडिओ कॉल आला. मला नव्हे, आमच्या हिला, चिवड्याची कृती विचारायला. मी फोन हिसकावला. मागे बर्फ लागलेली खिडकी, टेबलावर काळी कॉफी, आणि पाय प्लास्टरमध्ये.

"सुधीरराव! हे काय झालं?"

तो आधी हसला, मग बोलला. सगळं इंग्रजीत. तीन आठवड्यांपूर्वी, एका शुक्रवारी, शाळेच्या पायऱ्यांवर बर्फात घसरला, डोकं आपटलं, शुद्ध नव्हती. खिशात कुठलं औषध चालत नाही त्याची चिठ्ठी नाही. दवाखान्यात इंजेक्शन भरून तयार होतं. तेवढ्यात शाळेने घरच्या नंबरवर फोन लावला. मिस्टर टिपणीस भला माणूस, लगेच उचलला, रक्तगट सांगितला आणि बजावलं की पेनिसिलिन मुळीच देऊ नका, लहानपणी एकदा जिवावर बेतलंय. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन तेच होतं.

"कोण मिस्टर टिपणीस?" मी विचारलं. "सुधीरराव, तुम्हीच ना ते?"

त्याने सभ्यपणे माझ्याकडे पाहिलं. "सुधीर? ही मस्ट बी होम. डू थँक हिम फॉर मी." मग मागे कुणीतरी पोरगी दारातून ओरडली, "मार्टिन! आमचा अमेरिकन कुठाय?" अशा अर्थाचं काहीतरी, मोडक्या इंग्रजीत. त्याचा चेहरा इतका उजळला की मी आयुष्यात सुधीरला तसा पाहिला नव्हता. कुबडी घेऊन तो उठला आणि पडद्याबाहेर गेला. हात कानाकडे एकदाही गेला नाही. ते मला झालेलं त्याचं शेवटचं दर्शन. खिडकीतला बर्फ थोडा वेळ दिसत राहिला.

मी तसाच उठून शेजारी गेलो. शुक्रवार होता, गाळे बंद, जिन्यात शुकशुकाट. चपला भिंतीशी होत्या. तोंड भिंतीकडे. पण धूळ नव्हती, तळव्यांचे ठसे ओलसर होते. बाईने पुसल्या असतील. असतीलच.

माई दार उघडून परत तांदूळ निवडायला बसल्या, बोटांनी चाचपून खडे काढत.

"माई, मध्ये परदेशातून फोन आला होता का?"

"आला होता. तो मेला पडला ना तिकडे."

"मग बोललं कोण? बाई होती का?"

"बाईला कुठलं इंग्रजी? मला तरी कुठे येतं?" माईंनी एक खडा बाजूला टाकला. "सुधीर बोलला. त्यालाच ठाऊक पेनिसिलिनचं. दुसऱ्याला काय माहीत." आणि आतल्या खोलीकडे तोंड करून, "झोपलाय जरा. हाक मारू?"

आयुष्यभर भिंतीला वाट्या लावणारा मी. आतल्या खोलीचा पडदा चार हातांवर होता, पंख्याने हलत होता.

"नको नको," मी म्हणालो. "गॅसवर दूध ठेवलंय."

घरी येऊन कडी घातली. वरची, खालची, आणि जी कधी लागत नाही ती मधलीही लावून पाहिली. सोफ्यावर बसलो. घड्याळात चार वाजत होते.

पलीकडे वर्तमानपत्राची घडी उलगडली. मग आवाज आला. जरा नाकातला, घाईत असलेला.

"आई, आडवा शब्द. तीन अक्षरी. पाणी साठवायचं मातीचं मोठं भांडं."

"घागर," माई म्हणाल्या.

"नाही बसत. पहिलं अक्षर रां."

मी दोन्ही हातांनी सोफा धरला होता. ओरडायचं नव्हतं, शपथ. पण खोड ती खोड.

"रांजण!"

पलीकडून पेन्सिलीने भिंतीवर दोन टिचक्या.

"शाब्बास, शेजारी."

स्वयंपाकघरातून आमची ही हात पुसत बाहेर आली. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "दिलंत एकदाचं उत्तर? तुम्ही कॅरमला जाता तेव्हा दर शुक्रवारी वाट बघत असतो बिचारा."